आडावरचा पोहरा आणि नववीचं बल, कार्य, ऊर्जा

नववीच्या विज्ञानातले पहिले दोन धडे, गतीचे नियम आणि कार्य-ऊर्जा, मुलांना जड जातात ते गणितामुळे नाही. ते गणित गुणाकार, भागाकार आणि एखाद्या वर्गाच्या पुढे जातच नाही. मुलं अडतात ती शब्दांपाशी. जोर, ताकद, दम, शक्ती हे शब्द घरात आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. पुस्तकात मात्र बल वेगळं, ते न्यूटनमध्ये मोजायचं. कार्य आणि ऊर्जा ज्यूलमध्ये, शक्ती वॅटमध्ये. सूत्र पाठ असतं, पण समोरच्या प्रसंगात नेमकं कोण कुठे बसतं हे दिसत नाही. त्यासाठी एकच प्रसंग धरून त्याला सगळ्या बाजूंनी मोजत जाणं मला सगळ्यात उपयोगी वाटतं. आपल्याकडे त्याला आडाइतकं चांगलं साधन नाही.

आड धरू सात परस, म्हणजे साधारण १२ मीटर खोल. पोहऱ्यात १० लिटर पाणी, म्हणजे १० किलो. पोहरा २ किलोचा. एकूण वस्तुमान १२ किलो. पृथ्वी त्याला खाली ओढते ते बल १२ × ९.८ (गुरुत्व त्वरण) = ११७.६ न्यूटन. पुस्तकी भाषेत वजन म्हणतात ते हेच. किराणा दुकानातला काटा किलो दाखवतो, म्हणजे वस्तुमान सांगतो. चंद्रावर गेलं तरी १२ किलो १२ किलोच राहतात, न्यूटन मात्र सहाव्या हिश्श्यावर येतात.

आता पहिला प्रश्न. पोहरा आडाच्या मधोमध स्थिर लटकलाय, तेव्हा दोराचा ताण किती? ११७.६ न्यूटन. याचं उत्तर बहुतेकांना येतं. दुसरा प्रश्न: पोहरा एकसारख्या चालीने सरळ वर येतोय, तेव्हा ताण किती? इथे निम्मा वर्ग म्हणतो, वजनापेक्षा जास्त. वर यायचं तर जास्तच ओढावं लागणार ना! हे चूक आहे, आणि या एका चुकीतून पुढच्या पन्नास चुका जन्मतात. चाल एकसारखी आहे म्हणजे त्वरण शून्य, त्वरण शून्य म्हणजे बलं संतुलित, म्हणजे ताण तेवढाच, ११७.६. जास्त ओढ लागते ती फक्त पोहरा जागचा हलवताना. एकदा तो चालू लागला की वजनाइतकी ओढ पुरते. त्याचप्रमाणे वर पोचताना थांबवायचा असेल, तर काही क्षण वजनापेक्षा कमी ओढ लागते. न्यूटनचा पहिला नियम म्हणतो तो हाच: गती टिकवायला बल लागत नाही, बदलायला लागतं.

मग सायकल पायडल न मारता थांबते कशी? कारण तिथे घर्षण आणि हवा बल लावून तिची गती बदलतात. पायडल मारून आपण त्या बलांचीच भरपाई करत असतो.

गती बदलताना किती बल लागतं ते दुसरा नियम सांगतो. पोहऱ्याला वर २ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढं त्वरण द्यायचं तर ताण १२ × (९.८ + २) = १४१.६ न्यूटन. ही वाढ काही फार नाही. खरा धोका हिसक्यात असतो. पोहरा पाण्यात बुडावा म्हणून काही जण दोर सैल सोडतात आणि झटक्यात धरतात. भरलेला पोहरा असा १ मीटर मोकळा पडला आणि दोराने त्याला १० सेंटिमीटरच्या आत थांबवलं, तर काय होतं ते पाहा. पडताना मिळवलेल्या वेगाचा वर्ग २ × ९.८ × १ = १९.६. तो ०.१ मीटरमध्ये शून्यावर आणायचा तर त्वरण १९.६ ÷ ०.२ = ९८, दिशा वर. ताण १२ × (९.८ + ९८) = १२९३.६ न्यूटन. वजनाच्या अकरा पट! रोज शांतपणे ओढताना टिकणारा जुना सुंभाचा दोर एका हिसक्याला तुटतो, तो यामुळे. नायलॉनचा दोर जास्त ताणला जातो, थांबायचं अंतर वाढतं आणि झटका कमी बसतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात त्यातही हिशेब हाच असतो.

हे घरी करून बघता येतं, पण आडाच्या काठावर नको. जिन्यात करा. दोन लिटरची भरलेली बाटली स्प्रिंगच्या लटकत्या काट्याला अडकवा. स्थिर धरल्यावर दोन किलोच्या आसपास दाखवेल. हळू, एकसारखी वर न्या. काटा तिथेच राहील. झटका द्या, क्षणभर तीन-चारवर जाऊन परत येईल. काटा स्प्रिंगचाच घ्या. डिजिटल काटा आकडा स्थिर झाल्याशिवाय दाखवत नाही, त्यामुळे झटका त्याच्या नजरेतून निसटतो आणि मुलांना वाटतं की काही घडलंच नाही.

आता आडावरच्या चाकाकडे या. आडाच्या डोक्यावरचं एकच स्थिर चाक बल कमी करत नाही. ११७.६ न्यूटन वर आणायला ११७.६ न्यूटनच ओढावं लागतं. चाक फक्त दिशा बदलतं: वर ओढण्याऐवजी खाली ओढायचं. पण यात मोठा फायदा आहे, कारण खाली ओढताना अंगाचं वजन कामी येतं. ५० किलोचा माणूस दोराला लटकला तर ४९० न्यूटन त्याला आयते मिळतात. उलट ३० किलोच्या मुलाने ४० किलोचं ओझं असं वर घ्यायचा प्रयत्न केला, तर ओझं खाली राहील आणि मूल वर जाईल.

चाकाच्या कण्याला वंगण नसेल तर तो करकरतो. समजा त्या घर्षणाने १२ न्यूटनचा फरक पडतो. मग पोहरा वर घेताना हाताला सुमारे १३० न्यूटन लागतील, आणि तोच पोहरा हळूहळू खाली सोडताना फक्त १०६. घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं. वर घेताना ते पोहऱ्याच्या बाजूने, खाली सोडताना तुमच्या बाजूने. नुसता धरून उभे असाल तर १०६ ते १३० मधलं कुठलंही बल चालून जातं. स्थितिक घर्षणाला एक ठरलेली किंमत नसते, ते गरजेपुरतं वाढतं आणि एका मर्यादेला सुटतं, हे इथे हाताला कळतं.

अंगाच्या वजनाचा हाच उपयोग मोटेने, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामड्याच्या मोठ्या पोहऱ्याने, मोठ्या प्रमाणावर केला. आता मोटा राहिल्या नाहीत, पण जुन्या विहिरींवर धाव आणि थारोळं अजून दिसतं. थारोळं म्हणजे मोट रिकामी होते तो हौद, धाव म्हणजे बैलांची चालायची वाट. ती विहिरीपासून लांब जाताना खाली उतरत जाते आणि तिची लांबी साधारण विहिरीच्या खोलीएवढी असते. हा उतार ज्याने पहिल्यांदा काढला त्याला बलाचं घटकीकरण हा शब्द माहीत नसेल, पण गोष्ट पक्की माहीत होती. आकडे घालून पाहू. मोटेत १५० लिटर पाणी. चामड्याचं वजन सोडून देऊ. वजन १५० × ९.८ = १४७० न्यूटन. बैलजोडी ७०० किलोची. धावेचा उतार सहाला एक, म्हणजे सहा मीटर चाललं की एक मीटर खाली. उताराच्या दिशेने बैलांच्या वजनाचा घटक ७०० × ९.८ ÷ ६ = ११४३ न्यूटन. मोटेच्या १४७० पैकी ११४३ बैलांच्या नुसत्या अंगानेच ओढले गेले! पायांनी जोर लावायचा तो उरलेल्या ३२७ न्यूटनसाठी.

मग बाकीचं फुकट मिळालं का? नाही, कारण बैलांना मागे सरत परत वर यायचं आहे. १२ मीटर धाव म्हणजे २ मीटर उंची. ७०० × ९.८ × २ = १३,७२० ज्यूल. खाली जाताना पायांनी केलेलं कार्य ३२७ × १२, म्हणजे सुमारे ३,९२०. दोन्हींची बेरीज १७,६४०. आता मोटेचं पाणी वर आणायला लागणारं कार्य काढा: १४७० × १२ = १७,६४०. ज्यूलला ज्यूल जुळतो. धावेने ऊर्जा वाचवली नाही, तिची वाटणी केली: एका फेरीतला जड भार दोन फेऱ्यांत वाटला, आणि त्यातला मोठा भाग रिकाम्या परतीवर टाकला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचं याहून देखणं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. कण्याचं घर्षण आणि नाड्याचं, म्हणजे मोटेच्या जाड दोराचं, वजन धरलं तर दोन्ही बाजू थोड्या हलतील. वर्गात ते नंतर मिळवा, आधी हा जुळणारा हिशेब होऊ द्या.

बैल आलेच आहेत तर तिसऱ्या नियमाचा गुंताही सोडवून टाकू. बैल गाडीला जेवढ्या बलाने ओढतात तेवढ्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते. मग गाडी हलते कशी? बहुतेक मुलं ‘बैल जास्त जोर लावतात’ असं लिहितात, आणि गुण जातात. क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्याच असतात, पण वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून त्या एकमेकींना खोडत नाहीत. प्रत्येक वस्तूचं खातं वेगळं मांडा. भरलेली गाडी १००० किलो, रस्त्याचा विरोध ४०० न्यूटन, त्वरण ०.२. गाडीच्या खात्यात निव्वळ बल हवं १००० × ०.२ = २००, म्हणून ओढ ६००. बैलांच्या खात्यात मागे ६००, निव्वळ हवं ७०० × ०.२ = १४०, म्हणून जमिनीने त्यांना पुढे ढकललं पाहिजे ७४० न्यूटनने. बैलाला पुढे ढकलणारी जमीन आहे! खूर जमिनीला मागे रेटतो आणि जमीन बैलाला पुढे.

म्हणूनच पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतते तेव्हा बैलांच्या अंगात ताकद असूनही उपयोग होत नाही. चिखलाने चाकाचा विरोध वाढवलेला असतो आणि त्याच चिखलाने खुराखालची पकड घालवलेली असते. दोन्ही बाजूंनी कोंडी. अशा वेळी चाकाखाली पाचट किंवा दगड टाकतात, तो चाकाचा विरोध कमी करायचा उपाय आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या गाड्यांना लाकडी चाकांऐवजी टायर आले, तोही विरोधावरचाच उपाय.

कार्य या शब्दाकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण इथे पुस्तक ऐकणाऱ्याला दुखावू शकतं. डोक्यावर १५ लिटरचा हंडा घेऊन सपाट रस्त्याने एक किलोमीटर चालत येणाऱ्या बाईने हंड्यावर किती कार्य केलं? उत्तर: शून्य. बल वर, विस्थापन आडवं, दोघांत काटकोन. ज्या भागात उन्हाळ्यात हे रोज घडतं तिथल्या मुलीला हे उत्तर पटणार नाही, आणि पटू नयेच, जोवर पुढचं सांगितलं जात नाही. शून्य आहे ते हंड्याला मिळालेल्या ऊर्जेचं. तिच्या शरीराने मात्र भरपूर ऊर्जा खर्च केली आहे. स्नायू ताठ ठेवायचे तर त्यातले तंतू सतत आखडतात, सुटतात, पुन्हा आखडतात. त्यात अन्नाची रासायनिक ऊर्जा जळते आणि उष्णता होऊन जाते. शिवाय प्रत्येक पावलाला शरीर दोन-चार सेंटिमीटर वर-खाली होतं, आणि खाली येतानाची ऊर्जा शरीराला पूर्ण परत मिळत नाही. कार्य हा श्रमाला पर्यायी शब्द नाही. शिक्षकांनी हे वाक्य फळ्यावर लिहावंच.

पोहऱ्याचं कार्य सरळ आहे: ११७.६ × १२ = सुमारे १,४११ ज्यूल. त्यातलं पाण्याच्या वाट्याचं १,१७६, बाकी पोहरा वर आणण्यात गेलं. दीड किलोचा दोर धरला तर त्याचे आणखी ८८. इथे पूर्ण १२ मीटर घेऊ नका, सरासरी ६ घ्या, कारण दोर वर येत जातो तसा लटकता भाग कमी होत जातो.

एका भाकरीत असे किती पोहरे निघतात? १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे सुमारे ३३५ किलोकॅलरी, म्हणजे १४ लाख ज्यूल. स्नायू त्यातला साधारण पाचवा हिस्सा बाहेरच्या कार्यात आणू शकतात, बाकीची उष्णता होते. २ लाख ८० हजार भागिले १,४११, म्हणजे जवळजवळ दोनशे पोहरे. काम करताना अंग का तापतं तेही याच हिशेबात आलं.

वर आलेला पोहरा हातातून सुटला तर? स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होत जाते आणि पाण्यावर आदळताना वेग √(२ × ९.८ × १२), म्हणजे १५.३ मीटर प्रतिसेकंद, ताशी ५५ किलोमीटर. त्यानंतर ती ऊर्जा गेली कुठे? थोडी आवाजात, बाकी पाण्याच्या खळबळीतून उष्णतेत. पण १० लिटर पाणी त्याने जेमतेम ०.०३ अंश सेल्सिअस तापतं, म्हणून हाताला काही कळत नाही. ऊर्जा संपल्यासारखी वाटते ती अशी पसरल्यामुळे.

याच नात्याने उंची आणि वेग एकाच काट्यात तोलता येतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर, म्हणजे ५०० टन पाणी. गाडी ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे १५ मीटर प्रतिसेकंदाने धावत होती असं समजू. नुसत्या पाण्याची गतिज ऊर्जा ½ × ५,००,००० × २२५ = ५ कोटी ६२ लाख ज्यूल. तेवढ्याच ऊर्जेत हे सगळं पाणी साडेअकरा मीटर उचलता येईल, म्हणजे आपल्या आडाच्या तळापासून जवळजवळ काठापर्यंत. विजेच्या भाषेत साधारण १६ युनिट, कारण एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. गाडी थांबवताना ही सगळी ऊर्जा ब्रेकमधून उष्णता होऊन बाहेर जाते.

वेगाचा वर्ग येतो हे विसरू नका. मोटारसायकलचा वेग ४० वरून ८० झाला तर ऊर्जा चौपट. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.६ धरला तर ब्रेक लागल्यापासून थांबायला ४० ला साडेदहा मीटर लागतात, ८० ला ४२. डोळ्यांनी पाहून ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद धरला तर त्यात आणखी ११ आणि २२ मीटर मिळवा. सूत्रात वस्तुमान येत नाही, त्यामुळे ‘गाडी हलकी आहे, लगेच थांबते’ हा समज खोटा आहे.

उंचावरच्या पाण्याची ऊर्जा आपल्याकडे जुन्या काळापासून वापरली गेली. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगराकडून नळाने आणलेलं पाणी दळणाचं जातं फिरवायचं. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याचं १२ मेगावॅटचं केंद्रही त्याच तत्त्वावर चालतं. एक घनमीटर पाणी दर सेकंदाला एक मीटर खाली आलं की ९.८ किलोवॅट, हा आकडा लक्षात ठेवा. उंची २५ मीटर धरली आणि गळती सोडून दिली, तर १२ मेगावॅटसाठी सेकंदाला ४९ घनमीटर पाणी लागेल.

आता शक्ती. पोहरा अर्ध्या मिनिटात वर आणला तर १,४११ ÷ ३० = ४७ वॅट, पंधरा सेकंदांत आणला तर ९४. कार्य तेच, शक्ती दुप्पट. विहिरीवरची ५ एचपीची मोटार ५ × ७४६ = ३,७३० वॅटची. तिच्यातली निम्मी शक्ती पाण्याला मिळते असं धरलं तर १,८६५ वॅट. एकूण २० मीटर उंची असेल तर सेकंदाला साडेनऊ लिटर पाणी. तेवढीच शक्ती १०० मीटर खोल बोअरवर लावली तर दोन लिटरही नाही. मोटार बिघडलेली नसते, उंची पाचपट झालेली असते. हजार लिटर पाणी १२ मीटरवरून आणायला ०.०३३ युनिट पुरतं, १०० मीटरवरून ०.२७, आणि निम्म्या कार्यक्षमतेने दोन्ही आकडे दुप्पट. पाणी खोल गेलं की विजेचं बिल का फुगतं, ते mgh मध्ये (वस्तुमान × ९.८ × उंची) लिहिलेलं आहे.

आपल्या मोटारीची कार्यक्षमता मुलांना मोजता येते. पाइपाच्या तोंडाखाली २०० लिटरचं बॅरल ठेवा. मोटार सुरू केल्यावर दोन मिनिटं पाणी तसंच जाऊ द्या. सुरुवातीला पाइपातली हवा निघत असते. मग बॅरल भरायला किती सेकंद लागतात ते तीन वेळा मोजून सरासरी काढा. समजा २५ सेकंद आले, म्हणजे ८ लिटर प्रतिसेकंद. उंची २० मीटर असेल तर पाण्याला मिळालेली शक्ती ८ × ९.८ × २० = १,५६८ वॅट. मीटर असेल तर तासाभरातले युनिट घरातल्या मोठ्या माणसाला वाचायला सांगा. स्टार्टर आणि वायरिंगला मुलांनी हात लावायचा नाही. तासाला ४ युनिट जात असतील तर ४,००० वॅट, म्हणजे कार्यक्षमता ३९ टक्के. बाकीची मोटारीच्या तापण्यात, पंपात आणि पाइपाच्या घर्षणात गेली. अरुंद पाइप आणि उगाच घातलेले एल्बो असतील तर हा आकडा आणखी खाली येतो.

बहुतेक वह्यांत चूक होते ती उंचीत. विहिरीच्या तळापासून किंवा मोटार जिथे बसवली आहे तिथून मोजू नका. पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंत मोजा, तेही मोटार चालू असताना, कारण उपसा सुरू झाला की पातळी खाली जाते. दोराला दगड बांधून, दर मीटरवर गाठ मारून, मोठ्यांच्या सोबतीने हे माप घ्या. हेच माप दिवाळीनंतर एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा घ्या, आणि दोन्ही आकडे एकाच पानावर लिहा.